‘आधी आत टाका, कोर्ट बघून घेईल’ म्हणे!

खांबावरचा
वीज खासगीकरणाच्या धाग्यावर ‘करदाता’ यांनी काल लिहिलं: उत्तर प्रदेशात पूर्वांचल आणि दक्षिणांचल या सरकारी वीज कंपन्या खासगीकडे द्यायला जे विरोध करताहेत, त्यांच्या पुढाऱ्यांना रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) लावून वर्षभर आत टाका, चुकीचं असेल तर कोर्ट सोडेलच. तिथेच चार ओळी खरडणार होतो, पण बीपीची गोळी घेऊनही राग उतरेना. म्हणून वेगळा धागा.

‘कोर्ट सोडेलच’ असं कोर्टाची पायरी न चढलेला माणूसच लिहू शकतो. रासुकात गुन्हा सिद्ध करायची भानगड नाही, तो घडलेला असायचीसुद्धा गरज नाही. कलेक्टरची खात्री पटली की बास. मग बारा दिवसांत सरकारची मंजुरी, तीन आठवड्यांत कागद सल्लागार मंडळाकडे, सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल. त्या मंडळापुढे वकील उभा करायचा हक्क नाही. सगळं अगदी नियमाने झालं तरी दीड महिना गेला. आणि संप किती दिवसांचा असतो? आम्हा महाराष्ट्रातल्या वीज कर्मचाऱ्यांचा 4 जानेवारी 2023 चा संप 72 तासांचा जाहीर झाला होता, तो त्याच दिवशी मिटला. म्हणजे कोर्टात तुम्ही जिंका नाहीतर हरा, ज्यासाठी आत टाकलं ते काम उरकलेलं असतं.

मी 31 वर्षं लाइनमन होतो. संपाच्या आदल्या रात्री साडेदहाला हवालदार कलम 149 ची, म्हणजे ‘गुन्हा करू नका’ अशी पोलिसांची, नोटीस घेऊन दारात. बायकोला वाटलं, कुणीतरी खांबावर चिकटलं. ती रात्रभर झोपली नाही. नुसत्या नोटिशीने ही गत, रासुकाचं काय सांगता!

करदाता
भावनिक निबंध छान. आता कायदा वाचा. रासुकाच्या कलम 3(2) मध्ये ‘समाजाला अत्यावश्यक पुरवठा व सेवा’ हे शब्द आहेत की नाहीत? वीज त्यात येत नाही का? येते. मग अन्याय कसला?

तुमच्या त्या एका दिवसाच्या संपात माझी आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होती. सकाळी सहाला वीज गेली, ती दुपारी आली. इन्व्हर्टरने दोन तासांत मान टाकली, सिलिंडरसाठी मी गावभर फिरलो. सबस्टेशनला फोन कुणी उचलला नाही. तुमच्या बायकोची झोप गेली, माझ्या आईचा श्वासच जात होता.

काळाकोट_नागपूर
दोघेही जरा थांबा. 3(2) बद्दल करदाता बरोबर आहेत, नाइलाजाने कबूल. आम्ही वकील लोक लगेच सुप्रीम कोर्टाचा लोहिया विरुद्ध बिहार, 1965 हा निकाल काढतो. त्यातली न्या. हिदायतुल्लांची ती तीन वर्तुळं: कायदा-सुव्यवस्था सगळ्यात मोठं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, त्याच्या आत राज्याची सुरक्षा. म्हणजे साधा गोंधळ झाला की सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं होत नाही. (हिदायतुल्ला आमच्या जुन्या नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, हे जाता जाता.) पण सरकारने ‘अत्यावश्यक सेवा’ हे कारण नीट लावलं, तर ही वर्तुळं फारशी कामाला येत नाहीत.

मात्र त्यापुढचं चुकलं. रेखा विरुद्ध तामिळनाडू, 2011: साध्या कायद्याने भागत असेल तर प्रतिबंधक स्थानबद्धता बेकायदा. संपासाठी मेस्मा (अत्यावश्यक सेवांचा राज्याचा कायदा) आहे, तोडफोडीसाठी न्याय संहिता आहे. मग रासुका कशाला?

आणि ‘सोडेलच’ची किंमत बघा. गोरखपूरच्या डॉ. कफील खान यांना फेब्रुवारी 2020 मध्ये रासुका लावला, अलाहाबाद हायकोर्टाने 1 सप्टेंबरला आदेश रद्द केला. साडेसहा महिने गेले. ते परत देणारं कलम कुठे आहे?

करदाता
म्हणजे सुटले ना? माझं म्हणणं तेच.

खांबावरचा
धन्य आहात!

भिवंडीकर_लूमवाला
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. खासगीकरण वाईट हे ठरवलं कुणी? आमच्याकडे 2007 ला फ्रँचायझी आली, म्हणजे वीजवाटप खासगी कंपनीकडे गेलं. त्याआधी लूम दिवसातून कितीदा बंद पडायचे ते आम्हाला विचारा. आकडे टाकणाऱ्यांना कोण पाठीशी घालत होतं, तेही विचारा.

संभाजीनगरची_सून
आणि आमच्याकडे? 2011 ला फ्रँचायझी दिली, 2014 ला महावितरणला परत घ्यावी लागली. नागपूरचीही 2019 ला परत आली. तुमचं एक उदाहरण किती वर्षं पुरवणार?

भिवंडीकर_लूमवाला
ताई, चालवणारा कच्चा निघाला म्हणून पद्धतच वाईट?

संभाजीनगरची_सून
पद्धत चांगली होती तर सासऱ्यांच्या बंद घराला चार आकडी बिल कसं आलं? घरात माणूस नाही, फ्रीज नाही. तीन चकरा मारल्या, काउंटरवरचा पोरगा म्हणे, ‘मॅडम, सिस्टिमने काढलंय.’

मीटरग्रस्त
बिलाचा विषय निघालाच आहे तर. 2024 च्या जूनमध्ये सांगितलं, सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर नाही. आता ‘टीओडी मीटर’ (वेळेनुसार दर लावणारे) म्हणून दारात आलेत. बसवायला आलेल्या पोराकडे ओळखपत्र मागितलं तर त्याने फोनवर सेल्फी दाखवला.

भिवंडीकर_लूमवाला
सेल्फी 😂 मीटर पळतं म्हणणाऱ्यांनी आधी गिझरचं बटण बघावं.

मीटरग्रस्त
माझ्याकडे गिझर नाही. चूल आहे. पुढे बोला.

खांबावरचा
अहो, धागा माणसांना विनाचौकशी कोंडण्याबद्दल आहे! गिझर कसले काढता?

काळाकोट_नागपूर
काढू द्या, आमच्या बार रूममध्येही हेच चालतं. तोवर माझं दुखणं सांगतो. स्थानबद्धतेच्या याचिका मी बहुतेक एमपीडीएच्या (गुंड, हातभट्टीवाले वगैरेंना स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा) करतो. इन-कॅमेरा, म्हणजे गुप्त, जबाब, साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’, दोघांची भाषा शब्दशः एकच, फक्त तारीख वेगळी. आदेश रद्द होतात ते बहुधा यावर: झेरॉक्स वाचता येत नव्हती, निवेदनावर निर्णय वेळेत दिला नाही, जुन्या गुन्ह्याचा आजच्या आदेशाशी संबंध राहिला नाही. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र, 1962 मध्ये तर कारणं इंग्रजीत दिली होती, त्याने हिंदीत मागितली, ती मिळाली नाहीत, म्हणून सुटला. तो माणूस खरंच धोकादायक होता का, हा प्रश्न कोर्ट बहुतेक वेळा उघडतच नाही. कलेक्टरच्या खात्रीत ते हात घालत नाही, तिथवर पोचायची वाट तपासतं. त्यामुळे करदाता, तुमचं ‘चुकीचं असेल तर’ तिथे फारसं चालत नाही. टंकलेखन चुकलं असेल तर चालतं.

आणखी एक. घटनेनुसार सल्लागार मंडळाविना तीन महिने ठेवता येतं, ते दोन करायची घटनादुरुस्ती 1978 ला झाली. 44 वी. ते कलम लागू करायची अधिसूचना अजून निघालेली नाही. आणीबाणीत पोळलेल्यांनीच ही दुरुस्ती आणली होती, आणि त्यानंतर सगळे पक्ष सत्तेवर येऊन गेले.

करदाता
हे 44 वं माहीत नव्हतं. बरं, रासुका नको, तुमचं समाधान. मेस्मा लावा, पगार कापा, तोडफोड करणाऱ्यावर रीतसर खटला भरा. पण ‘आंदोलन’ म्हटलं की पाय धुवायला तांब्या घेऊन उभं राहणं मला जमणार नाही. आणि आईच्या त्या सहा तासांबद्दल धागाकर्ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत. काळाकोटांच्या मागे लपलेत.

खांबावरचा
लपलो नाही. बोलायला सुचत नव्हतं. हॉस्पिटलचे फीडर चालू ठेवायचे असं आमचं ठरलं होतं. घरी मशीनवर असलेल्या पेशंटची यादी कुणी केली नाही, मीही नाही. ते चुकलं. आई कशा आहेत?

करदाता
गेल्या वर्षी गेली. संपामुळे नाही. उगाच तुमच्या डोक्यावर घालत नाही.

मीटरग्रस्त
काका, यादीचं निघालंच आहे तर, नवीन मीटर नको असा अर्ज कुठे द्यायचा, ते तुम्हाला माहीत असेल ना?

खांबावरचा
उपविभागीय कार्यालयात. दोन प्रती न्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.