गणपतीत मेक्सिकन गोड काय करता येईल?

वेंगुर्ल्याची काकू: गौरीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचे चाकरमानी धरून घर भरलेलं असतं. मोदक, नेवऱ्या खाऊन पोरं कंटाळतात. ओव्हन नाही, आणि या दिवसांत आमच्याकडे अंडं चालत नाही.

खाडीकाठचा: मग ट्रेस लेचेस (दुधात भिजवलेला केक) आणि फ्लान (कॅरॅमल कस्टर्ड) विसर्जनानंतर, दोन्हींत अंडं. चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, करा काकू. 1 वाटी पाणी, चमचाभर तेल, मीठ उकळून त्यात 1 वाटी मैदा, मोदकाच्या उकडीसारखा घोटायचा. सोऱ्याला चांदणीचीच चकती लावा. गुळगुळीत चुरोत वाफ कोंडते आणि ते तेलात फुटतात. वर साखर-दालचिनी. पावसाळी हवेत लगेच मऊ पडतात, तेव्हा पानं मांडल्यावरच तळा.

गुहागरकर: सोबत बुडवून खायला काहेता, म्हणजे दुधाचं दाट कॅरॅमल, हवीच! मेक्सिकोतल्या सेलाया शहराची खासियत, शेळीच्या दुधात साखर आणि चिमूटभर सोडा घालून आटवतात. सोडा पडला की दूध फसफसून वर येतं, टोप मोठा घ्या. वाडीत शेळी नसेल तर गाईचं दूध चालेल, पण ती चव नाही.

वेंगुर्ल्याची काकू: शेजारणीकडे शेळी आहे, पण दूध द्यायला ती जरा चिकटच. बघते विचारून. चुरो नक्की.