सॉकेटचा फ्यूज सारखा उडतोय. फ्यूज संच आणि टेस्टर कोणता घ्यावा? (बजेट ४०० रुपये)

टेंबलाई_टेकडी
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, २०१२ चं मॉडेल. डॅशबोर्डवरचं सिगारेट सॉकेट बंद पडलंय. फ्यूज निळा, १५ अँपचा, लहान आकाराचा. महिन्यात तिसरा उडाला. सॉकेटला मोबाईल चार्जर कायम असतो, हवा भरायचा छोटा पंपही त्यावरच चालतो. रविवारी गगनबावड्यामार्गे कोकणात उतरायचंय, त्याआधी हे मार्गी लावायचंय. फ्यूजचा संच कोणता घ्यावा आणि तपासायला काय घ्यावं? सगळं मिळून ४०० च्या आत बसवायचंय.

उद्यमनगरी
एकदाच पैसे घाला आणि डीसी क्लॅम्प मीटर घ्या. वायरीला नुसता विळखा घालायचा, वायर न तोडता करंट दिसतो. पंप किती अँप ओढतोय ते दोन मिनिटांत कळेल. घेताना एवढंच बघा की क्लॅम्पवर डीसी अँप मोजता येतात. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसीचा करंट दाखवतात, ते गाडीत शून्य दाखवत बसतात. माझ्याकडे आहे, त्याच्याशिवाय मी बोनेट उघडत नाही. तीन-चार हजारांत चांगला येतो.

टेंबलाई_टेकडी
दादा, बजेट ४०० आहे.

लक्ष्मीपुरी_कट्टा
भावा, २० चा पिवळा घाल आन् विषय संपव. माझ्या गाडीत दीड वर्ष झालं, काय बी झालेलं न्हाई.

रंकाळाकाठ
हे अजिबात करू नका. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. कंपनीने १५ चा दिला म्हणजे मागची वायर आणि सॉकेटची पिन तेवढ्याच हिशेबाची आहे. शिवाय १५ चा फ्यूज बरोबर १५ ला उडत नाही. ब्लेड (चपट्या पायांच्या) फ्यूजच्या मानकाप्रमाणे ११० टक्के भार तो तासन् तास सोसतो, १३५ टक्क्यांना दहा मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो, आणि दुप्पट भार आला तर पाच सेकंदांच्या आत तुटतो. म्हणजे २० चा घातला की २२ अँप त्या वायरीतून बिनबोभाट वाहणार. ती वायर डॅशबोर्डच्या आत इतर वीस-पंचवीस वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते. तिचं आवरण मऊ झालं की शेजारच्या वायरीही त्यात चिकटतात.

लक्ष्मीपुरी_कट्टा
पण झालंय का काय? दीड वर्ष चाललंय म्हंजे चाललंय.

रंकाळाकाठ
तो पिवळा फ्यूज ओढून काढा आणि खाचेभोवतीचं प्लास्टिक उजेडात बघा. कडा तपकिरी झाली असेल किंवा फ्यूजच्या पायांवर निळसर छटा आली असेल, तर तिथे उष्णता साठतेय. उद्याच १५ चा लावा.

शाहूपुरी_४
संचाचं सांगतो. आधी आकार ठरवा, अँप नंतर. ब्लेड फ्यूजचा मोठा आकार १९ मिलिमीटर रुंद असतो, मिनी ११ मिलिमीटर, आणि नव्या गाड्यांतला मायक्रो २ साधारण ९ मिलिमीटर. मिनीतही दोन प्रकार. साध्या मिनीचे पाय अंगाच्या खाली आलेले दिसतात, लो प्रोफाइल मिनीचं अंग बुटकं असतं आणि पाय जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून एक उडालेला फ्यूज खिशात टाकून दुकानात जायचं आणि शेजारी धरून जुळवायचा. नुसतं "गाडीचा फ्यूज द्या" म्हटलं तर समोर असेल तो हातात पडतो.

रंग पाठ करून ठेवा: साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. तरी माथ्यावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय बसवू नका.

शंभर-दीडशे नगांचे डबे ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातले काही हलके फ्यूज दुप्पट करंट जाऊनही वेळेत तुटत नाहीत, आधी त्यांचं प्लास्टिकच वितळतं. लिटलफ्यूज, बॉश असले सुटे घ्या. १० चे दोन, १५ चे चार, २० चे दोन, ३० चा एक. एवढ्यात भागतं.

भुदरगडकर
एलईडीवाले फ्यूज घ्या. उडाला की त्यातला दिवा पेटतो, शोधायची गरजच नाही. माझ्या गाडीत सगळे तेच आहेत.

शाहूपुरी_४
तो दिवा कधी पेटतो हे माहीत असू द्या. फ्यूज तुटल्यावर करंट त्या बारीक एलईडीतून पुढच्या उपकरणात जातो आणि तिथून अर्थला. म्हणजे उपकरण जोडलेलं आणि चालू असेल तरच. सॉकेटमधला चार्जर काढून ठेवला असेल तर फ्यूज उडूनही दिवा विझलेलाच राहणार, आणि बघणारा म्हणणार फ्यूज ठीक आहे.

भुदरगडकर
चार्जर लावून बघायचं मग. रात्री घाटात टॉर्च तोंडात धरून एकेक फ्यूज उपसण्यापेक्षा बरंच आहे की.

रंकाळाकाठ
उपसायचेच कशाला? फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, ते खास तपासणीसाठी ठेवलेले असतात. टेस्ट लॅम्प म्हणजे टोकदार सुई आणि वायरीला चिमटा असलेला छोटा दिवा. त्याचा चिमटा रंग नसलेल्या धातूच्या बोल्टला लावायचा. आधी टोक बॅटरीच्या प्लसला टेकवून लॅम्प पेटतो याची खात्री करायची. मग इग्निशन ऑन करून दोन्ही ठिपक्यांना टोक लावायचं. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकाच बाजूला पेटला तर उडालेला, एकाही बाजूला नाही तर त्या फ्यूजपर्यंत वीजच पोचत नाही, चूक मागे आहे. दोन्हीकडे पेटतोय आणि तरी सॉकेट मेलेलं असेल तर सॉकेटची मागची अर्थ वायर सुटलीय का बघा. टेस्ट लॅम्प दीड-दोनशेच्या आत येतो. तुमच्या बजेटात बसतो.

एक काळजी: लॅम्पचं टोक एअरबॅगच्या फ्यूजला लावू नका. झाकणावरच्या नकाशात एसआरएस किंवा एअरबॅग लिहिलेलं असतं.

कसबा_बावडेकर
टेस्ट लॅम्पपेक्षा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तोही त्याच किमतीत येतो. बझर (दोन टोकांत जोड असला की वाजणारा) असलेलाच घ्या, स्वस्तातल्या काहींत नसतो. आता नीट वाचा. लाल वायर "व्ही" लिहिलेल्या भोकातच हवी, बटण डीसी २० व्होल्टवर. लाल वायर १० अँपच्या भोकात राहिली आणि तुम्ही प्लस-मायनसला टोकं लावली, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. त्या भोकाशेजारी बहुतेक वेळा "अनफ्यूज्ड" असं छापलेलंही असतं, म्हणजे आत वाचवणारं काहीच नाही.

बझरने तपासायचं तर फ्यूज बाहेर काढून तपासा. खाचेत असताना दुसऱ्या वाटेने जोड मिळून बझर खोटा वाजू शकतो. आणि डोळ्यांवर भरवसा नको, कधी तारेला केसाएवढी चीर असते, दिसत नाही.

उद्यमनगरी
म्हणूनच क्लॅम्प म्हणालो. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर तेही कळतं.

कसबा_बावडेकर
बॅटरी उतरण्यासाठी क्लॅम्प कशाला? गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा, म्हणजे आतली यंत्रणा झोपते. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या दोन ठिपक्यांमधलं व्होल्टेज मोजा. १० अँपच्या मिनीवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलिअँप वाहतायत. बंद गाडीत एकूण ५० च्या वर जायला नको.

उद्यमनगरी
अर्धा तास फ्यूज बॉक्सशी वाकून बसायचं? क्लॅम्पने एका वायरीवर काम होतं.

टेंबलाई_टेकडी
बॅटरी ठीक आहे हो. सॉकेटचं सांगा.

रंकाळाकाठ
बरोबर. उडालेला फ्यूज टाकलाय का ठेवलाय? असेल तर खिडकीच्या उजेडात धरा. आतली नागमोडी पट्टी मधोमध तुटून दोन्ही टोकं गोल थेंबासारखी झाली असतील आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर भार हळूहळू जास्त झाला. आतून काळा धूर बसला असेल, धातूचे बारीक शिंतोडे दिसत असतील, तर थेट शॉर्ट आहे. दोन्हीचा इलाज वेगळा.

टेंबलाई_टेकडी
दोन ठेवलेत. एक स्वच्छ, मधे तुटलेला. दुसरा आतून काळा.

रंकाळाकाठ
म्हणजे दोन्ही दुखणी आहेत. काळ्याचं आधी बघा. किल्ली काढा, टॉर्च सॉकेटच्या तळाशी मारा. रुपयाचं नाणं, चॉकलेटची चांदी, चार्जरच्या टोकाची निसटलेली टोपी, यातलं काहीतरी मधल्या पिनेला आणि कडेच्या पत्र्याला एकदम टेकलेलं असतं. लाकडी काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. चार्जरचं टोकही तपासा. त्याची पुढची पितळी टोपी फिरकीची असते, ढिली झाली की हलल्यावर शॉर्ट करते.

तिथे काही सापडलं नाही तर एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. उडालेल्याच फ्यूजचं अंग फोडून त्याच्या दोन पायांना दोन वायरी डाखवा आणि दुसऱ्या टोकांना इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब जोडा. हा फ्यूजच्या जागी खोचायचा, सॉकेट रिकामं ठेवायचं, इग्निशन ऑन. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण पावणेदोन अँपच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणून वायर सुरक्षित. आता सॉकेटमागची वायर, कन्सोलखालचं जुडगं हाताने एकेक वीत हलवत जायचं. जिथे हात लागल्यावर बल्ब विझतो, तिथेच वायर सोललेली आहे.

वडणगे_ऊसपट्टा
उंदीर बघा. उसाच्या बाजूला गाडी उभी असेल तर तोड सुरू झाली की घुशी-उंदीर बोनेटमध्ये शिरतात, वायरीचं आवरण कुरतडतात. तांबं उघडं पडतं, बॉडीला टेकलं की फ्यूज गेला. नुसती टेप गुंडाळू नका, पावसात ती सुटते. वायर डाखवून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा.

पंचगंगा_तीर
कोल्हापुरातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या खालच्या फ्यूज बॉक्समध्ये अजून हिरवा थर सापडतो. सेकंड हँड घेतली असेल तर स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याजवळचं झाकण काढून बघाच. हिरवं दिसलं तर बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडून काँटॅक्ट क्लीनर मारायचा, पूर्ण वाळू द्यायचं. सँडपेपर आत घालायचा नाही, खाचेची पत्ती फाकते आणि फ्यूज ढिला बसतो. ढिला फ्यूज म्हणजे गरम फ्यूज. आणि फ्यूज आकार बघूनच घ्या, मिनी वेगळा, मोठा वेगळा.

शाहूपुरी_४
आकाराचं वर लिहिलंय.

राजारामपुरी_१२
स्वच्छ तुटलेल्या फ्यूजचं कारण तो पंप आहे. पंपाच्या पट्टीवर किती वॅट लिहिलंय? सॉकेटच्या झाकणावर बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट, १२० वॅट असं असतं, म्हणजे १० अँप. पंप १५० वॅटचा असेल तर साडेबारा झाले. टायरमधला दाब वाढत जाईल तशी मोटर जड होते, करंट अजून चढतो. सुरू होताना तर क्षणभर कितीतरी जास्त. त्यात गाडी बंद असताना बॅटरी ढिली असली की मोटर नीट फिरत नाही आणि अजून ओढते. पंप लावायचाच तर इंजिन चालू ठेवा, चार्जर काढा, दहा मिनिटांवर चालवू नका. खरा उपाय म्हणजे बॅटरीला थेट चिमटे लावायचा पंप, त्याच्या प्लस वायरीत स्वतःचा फ्यूज असलेला.

उद्यमनगरी
किंवा बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढा, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० चा फ्यूज, डिकीत दुसरं सॉकेट. काम पक्कं होतं.

टेंबलाई_टेकडी
बजेट ४०० आहे हो.

गगनबावडा_रोज
रविवारी जाणार म्हणून सांगतो. सॉकेट बंद पडलं तर कुणाचं काही अडत नाही, बावड्याच्या पावसात वायपर बंद पडला तर गाडी कडेला लावावी लागते. आजच झाकणावरचा नकाशा बघून वायपर आणि दोन्ही हेडलाइटचे फ्यूज कितीचे आहेत, कुठल्या डब्यात आहेत ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत डावा-उजवा हेडलाइट वेगळ्या फ्यूजवर असतो, वायपरचा २० ते ३० चा असतो. सुटा फ्यूज संपला तर तेवढ्याच अँपचा फ्यूज मागची काच गरम करायच्या खाचेतून किंवा टेपच्या खाचेतून काढून लावा. जास्तीचा नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच नाही. आणि फ्यूज ओढायचा प्लास्टिकचा चिमटा इंजिनकडच्या डब्याच्या झाकणात आतून अडकवलेला असतो, तो आहे का बघा. पक्कडीने ओढला तर माथा तुटतो आणि पाय आत राहतात.

बॅटरीजवळचे बोल्ट लावलेले ६०-८०-१०० अँपचे मोठे फ्यूज घरी खोलू नका. ते मायनस काढल्याशिवाय हात लावायचे नसतात.

लक्ष्मीपुरी_कट्टा
पिवळा काढून बगितला. पाय निळे न्हाईत, पण खाचेची एक कड करपलीय. १५ चा घातला.

टेंबलाई_टेकडी
सर्वांचे आभार. झालेलं सांगतो. सॉकेटच्या तळाशी चार्जरच्या टोकाची पितळी टोपी पडलेली होती, काडीने काढली. पंपाच्या पट्टीवर १५० वॅट लिहिलंय. मीटर, टेस्ट लॅम्प, एलईडी फ्यूज, काहीच घेतलं नाही. शाहूपुरीतून सुटे मिनी फ्यूज घेतले, १५ चे तीन, १० चे दोन, २० चा एक, ३० चा एक. वायपरचा ३० चाच निघाला. उरलेल्या पैशात थोडी भर घालून पायाने हवा भरायचा पंप घेतला. सॉकेटची खाच मात्र रिकामीच ठेवतोय. मोबाईल घरून पूर्ण चार्ज करून निघणार.

राजारामपुरी_१२
१५ चा फ्यूज आहे तर लावा की खाचेत. चार्जर दोन अँपही ओढत नाही.

टेंबलाई_टेकडी
नको. घाटात तोच सुट्टा लागेल.

नागाळा_पार्क
उशिरा विचारतोय. हेच मिनी फ्यूज मोटारसायकलला बसतात का?

शाहूपुरी_४
काही गाड्यांना मिनी, काहींना मोठा. सीटखाली किंवा बॅटरीच्या बाजूला बघा, एक काढून मोजा. ११ मिलिमीटर भरला तर मिनी.