मिरची कांडपाची जागा बदलली, पण नकाशा जुन्याच गल्लीत नेतो: सल्ला हवा

नमस्कार. सांगलीत गणपती पेठेजवळ असलेली आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आम्ही गेल्या वर्षी विश्रामबागेत हलवले. गूगलच्या नकाशावर मात्र अजून जुनीच जागा दिसते. परवा एक आजी भाजलेल्या मिरच्यांची पिशवी घेऊन नातवाच्या स्कूटरवरून जुन्या शटरपर्यंत गेल्या आणि तिथून फोन करून विचारू लागल्या, ‘गिरणी बंद केलीसा व्हय?’ ऐन चटणीच्या हंगामात हे ऐकून जीव कासावीस झाला. त्यातच, वर्षाचे पैसे भरल्यास शोधात पहिला क्रमांक मिळवून देतो, असे एक एजंट सांगत आहे. त्याला पैसे द्यावेत की नवे खाते उघडावे?

प्रतिसाद १
ताई, कृपया दोन्ही करू नका. स्थानिक शोधातला क्रम गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून लावते: शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाचा मेळ, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. पैसे घेऊन हा क्रम वर नेण्याची सोयच नाही. जाहिरात वेगळी, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. नवे खाते उघडलेत तर इतक्या वर्षांचे अभिप्राय जुन्या नोंदीवरच राहतील, म्हणून त्याच बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गूगलवरील आपल्या गिरणीच्या नोंदीत, पत्ता बदलून नकाशावरची खूण नेमकी आपल्या दारावर आणा. गूगलकडून पत्त्याची पुन्हा पडताळणी होऊ शकते; व्हिडिओ मागितला तर रस्ता, पाटी आणि आत चालू असलेला मिरची कुटायचा डंक सलग, न कापता दाखवा.

आपल्या नोंदीत केवळ ‘पिठाची गिरणी’ असेल, तर कांडप शोधणाऱ्याला आपण सहज सापडणार नाही. सेवांच्या यादीत ‘मिरची कांडप’, ‘चटणी कुटून मिळेल’, ‘हळद दळून मिळेल’ असे गिऱ्हाइकांच्या तोंडचे शब्द घाला, रोमन लिपीतही घाला. व्यवसायाच्या नावात मात्र ते घुसडू नका. नाव पाटीवर आहे तेच हवे, अन्यथा प्रोफाइल स्थगित होऊ शकते.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत. मिरजेत बसून शोधणाऱ्याला बहुधा मिरजेच्याच गिरण्या आधी दिसतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. दळण न्यायला आलेल्यांना अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात दळणात सूट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. हंगामात गिरणी उशिरापर्यंत चालू ठेवत असाल, तर तेवढ्या दिवसांच्या विशेष वेळाही भरा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. प्रोफाइल पुतण्याच्या ईमेलवर आहे. आज रात्री तो घरी आला की मालकी माझ्या खात्यावर घेते आणि पहिल्यांदा पत्ता बदलते.