तास संपत आलेत, डिस्पॅचर म्हणतोय पीसी लावून पुढे ये

रिकामा_ट्रेलर:
नमस्कार मंडळी, तातडीने सांगा. इथे अमेरिकेत नवीनच सीडीएल (ट्रकचं व्यावसायिक लायसन्स) घेऊन एका छोट्या कंपनीत लागलोय, ड्राय व्हॅन, म्हणजे बंद डब्याचा ट्रेलर. सकाळी ६ ला लॉग (कामाच्या तासांची नोंद) सुरू केला, साडेनऊला शिकागोजवळच्या जोलिएटपाशी रिसीव्हरकडे (माल उतरवून घेणारा) पोचलो, ११ ला माल उतरवायचं डोअर मिळालं आणि पेपर हातात पडले ते आत्ता संध्याकाळी साडेसातला. गाडी चालवली जेमतेम ३ तास, चालवायला मिळणाऱ्या ११ मधले ८ तास तसेच पडून आहेत पण काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आतच चालवता येतं, ते घड्याळ ८ वाजता संपतंय. डिस्पॅचरचं (कंपनीत लोड देणारा) म्हणणं पर्सनल कन्व्हेयन्स (पीसी, म्हणजे गाडी खासगी कामासाठी चालवतोय अशी नोंद, ती तासांत धरत नाहीत) लाव आणि इंडियानापोलिसला ये, सकाळी ७ चं पिकअप आहे, ट्रेलर रिकामा असला की पीसी चालतं, कोणी पकडत नाही. खरंच चालतं का? नाही म्हटलं तर पुढचे लोड विसर असंही सुनावलंय. दिवसभर लॉग ऑन ड्युटीवरच राहिलाय, मी मात्र बराच वेळ स्लीपरमध्ये (केबिनमधली झोपायची जागा) आडवा होतो.

लॉग_डेस्क:
नाही चालत, अजिबात लावू नका. ट्रेलर रिकामा की भरलेला याचा काही संबंधच नाही, एफएमसीएसएच्या (ट्रकवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ च्या गाइडन्सनुसार भरलेल्या गाडीतही पीसी करता येतं. ते बघतात गाडी कशासाठी हलवली. अनलोडिंग झाल्यावर विश्रांतीसाठी जवळच्या पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जाणं हे पीसी, पण वाटेतल्या जागा सोडून पुढच्या पिकअपच्या जवळ जाणं हे कंपनीचं काम झालं. आणि पकडत नाही म्हणे! इन्स्पेक्टर लॉग उघडतो तेव्हा जोलिएट ते इंडियानापोलिस ३ तास सलग पीसी त्याला सरळ दिसतं, शेवटी पिकअपची पावती. खोटा लॉग धरला जातो तो, ड्रायव्हर म्हणून तुमच्या रेकॉर्डला लागतो.
पण थांबा, तुमचे तास कदाचित संपलेच नाहीयेत. डोअरला लागल्यावर मधे गाडी हलवली होती का?

रिकामा_ट्रेलर:
हो ना, २ वाजता डोअर बदलायला लावलं. मग २ ते साडेसहा झोपलोच होतो, ते लोक येऊन दार वाजवेपर्यंत.

लॉग_डेस्क:
हलवली नसती तर सलग साडेसात तास स्लीपर मिळाला असता, ती गोष्ट गेली. पण २ ते साडेसहा हे साडेचार तास आहेत ना, तेही कामाला येतात. सप्टेंबर २०२० पासून स्प्लिट, म्हणजे १० तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेणं, असा आहे की एक तुकडा स्लीपरमध्ये कमीत कमी ७ तासांचा, दुसरा कमीत कमी २ तासांचा, दोन्ही मिळून १० किंवा जास्त, आणि जोडी जुळली की दोन्ही तुकडे १४ मधून वगळायचे. म्हणजे तुमचे ६ ते साडेसात साडेतेरा तास झाले, त्यातून साडेचार काढले की ९ उरले, अजून ५ तास हातात आहेत, रात्री साडेबारापर्यंत. इंडियानापोलिस आरामात होतं. अट एकच, तिथे पोचल्यावर सलग ७ तास स्लीपर, मधे गाडी हलवायची नाही. नाहीतर जोडी तुटते आणि आजचं ८ नंतरचं सगळं ड्रायव्हिंग व्हायोलेशन.
ऑन ड्युटी पडलेलं स्लीपर करता येतं, कारण ते ड्रायव्हिंग नाही, पण खरोखर झोपला होतात तेवढंच बदला आणि अॅनोटेशनमध्ये (नोंदीखालची टीप) कारण लिहा, जुनी नोंद पुसली जात नाही ती मागे राहतेच. आपोआप नोंदलेलं ड्रायव्हिंग मात्र कोणीही कमी करू शकत नाही, डोअर बदलताना वेग ताशी ५ मैलांच्या वर गेला असेल तर ती मिनिटं तशीच राहतील. काही ईएलडी (गाडीतलं लॉगचं यंत्र) जोडी पूर्ण होईपर्यंत लाल दाखवतात, त्याला घाबरू नका.

जुना_फ्लॅटबेड:
वरचं बरोबर आहे पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे इंडियानापोलिस ईस्टर्न टाइम आहे भाऊ! तुमच्या घड्याळात ११ ला पोचलात तर ७ तास होईपर्यंत सकाळचे ६, म्हणजे तिथले बरोब्बर ७, ट्रॅफिक लागला की पिकअप हुकलं. आत्ताच अपॉइंटमेंट ८ करून घ्यायला सांगा आणि तो मेसेज लेखीच टाका, फोनवर नको. मला राग येतो तो याचाच, रिसीव्हर १० तास खातो, त्याच्या घड्याळाला कोणी विचारत नाही आणि बिल फाडायचं ते ड्रायव्हरच्या झोपेवर.
दुसरं ते धमकीचं. नियम मोडायला नकार दिला म्हणून लोड तोडतो म्हणणं याला कोअर्शन म्हणतात, एफएमसीएसएकडे तक्रार करता येते, ९० दिवसांच्या आत. पण त्याला लागतं की तुम्ही कोणता नियम मोडला जाईल हे त्यांना सांगितलं होतं, म्हणून म्हणतोय लेखी. त्याचा मेसेज असेल तर स्क्रीनशॉट आत्ता घ्या. आणि डिटेन्शनसाठी (ताटकळत ठेवल्याची भरपाई) बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालाच्या कागदावर, आत-बाहेरच्या वेळा लिहून सही घेतली का?

रिकामा_ट्रेलर:
आत आल्याची वेळ गेटच्या शिक्क्यात आहे, बाहेरची नाही. परत खिडकीवर जाऊन लिहून घेतो. डिस्पॅचरला मेसेज टाकलाय, पीसी लावणार नाही, स्प्लिटवर येतो, पिकअप ८ करा. म्हणाला बघतो.

जुना_फ्लॅटबेड:
बघतो नाही, नवीन अपॉइंटमेंट नंबर मागा. आणि निघायच्या आधी तिथे पार्किंग आहे का ते विचारा, ११ नंतर ट्रक स्टॉपला जागा मिळणं मुश्कील असतं, शिपरने (माल देणारा) आवारात रात्री थांबू दिलं तर सगळ्यात बरं.