सल्ला हवा: कोकणात सायकलवर, रोज ३५० रुपयांत पोट कसं भरायचं?

पंक्चरवाला_पुणे
डिसेंबरात मी आणि एक मित्र निघतोय. ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत. रोज ७०-८० किमी, सामान सायकलवरच. मुक्काम देवळात नाहीतर ओळखीपाळखीत, म्हणजे खर्च काय तो खाण्याचा. माणशी ३५० धरलेत.

गेल्या खेपेला दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरलो आणि पुढच्या चढावर बसलोच. सकाळपासून पोटात एक चहा आणि दोन केळी. हात थरथरत होते, घाम गार पडला होता. मित्राने पार्ले-जीचा अर्धा पुडा तोंडात कोंबला तेव्हा माणसात आलो. तर किती खायचं, स्वस्तात कुठून आणि स्टोव्ह न्यायचा का? दोघेही शाकाहारी.

खोगीर
सामानासकट ते चढ म्हणजे दिवसाला साडेतीन-चार हजार कॅलरी धरून चाला. सगळं हॉटेलात खाल्लंत तर ३५० दुपारीच संपतील. वाणी गाठा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, गुळात पावणेचारशेच्या आसपास. पाव किलो भाजलेले दाणे आणि १०० ग्रॅम गूळ, अर्धा दिवस निघाला. हँडलच्या पिशवीत ठेवा आणि दर पाऊण तासाला मूठभर खा, भूक असो नसो. भूक लागायची वाट बघितली की धोपावं होतं.

गूळ जर्सीच्या खिशात ठेवू नका. मी ठेवला होता. मुंग्या.

सड्यावरची
गुहागर तालुक्यातली आहे म्हणून सांगते. खानावळीत आयत्या वेळी जाऊन जेवण मिळेल असं समजू नका. घरगुती जेवण असतं, माणसं मोजून भात लावतात. सकाळीच फोन करून ठेवा. दुपारी एक ते चार बाजारपेठ झोपलेली असते, तेव्हा दुपारची खरेदी बाराच्या आत. थाळीत पोळ्या मोजून येतात, भात मात्र बहुतेक ठिकाणी हवा तेवढा. लाजू नका, तिसऱ्यांदा मागा. वर तूप मागा, एका मोठ्या चमच्यात शंभरावर कॅलरी असतात.

स्टोव्ह कशाला? दडपे पोहे करा. डब्यात पातळ पोहे, चिरलेला कांदा, मिरची, मीठ, लिंबू. वाण्याकडून नारळ फोडून घ्या, पाणी पोह्यांवर शिंपडा, खोबरं घाला, झाकण दाबून डबा कॅरियरला बांधा. दहा किलोमीटरवर पोहे मऊ.

खोगीर
ताई, खवणी कुठून आणायची?

सड्यावरची
चाकूने पातळ काप काढा नि चावा. दात आहेत ना?

अर्धी_चेन
स्टोव्हबद्दल असहमत. ताम्हिणीत पहाटे गारठा असतो, तेव्हा गरम खिचडीसारखं सुख नाही. पण या रस्त्यावर गावं जवळजवळ आहेत, तेवढ्यासाठी दीड किलो वाहायचं का ते तुम्ही ठरवा. सकाळी एसटी स्टँडच्या कँटीनला उसळपाव खा, पाव जास्त घ्या. आणि कोणी बोललं नाही ते मीठ. नुसतं पाणी पीत राहिलात तर मळमळ सुरू होते आणि मग समोर श्रीखंड ठेवलं तरी घास उतरत नाही. ताक दिसेल तिथे थांबा, मीठ जास्त घालून घ्या. कोकम सरबतही चालेल, साखर फुकटात पोटात जाते.

पंक्चरवाला_पुणे
स्टोव्ह रद्द, डबा पक्का. मित्र विचारतोय, दाण्यांऐवजी काजू चालतील का? कोकणातच तर जातोय.

सड्यावरची
चालतील की. आधी इथला भाव विचारा, मग ३५० चा आकडा पुन्हा लिहा.