वजन उतरते, पण टिकत का नाही?

नेरुळवासी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि मी नोकरीसाठी रोज नेरुळहून ऐरोलीला ये-जा करते. तीन वर्षांपूर्वी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली माझे वजन ८२ किलोवरून ६८ पर्यंत उतरले होते. त्या काळात साखर आणि रात्रीचा भात बंद होता, आणि सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती नियमित चालणे होत असे. चालणे आजही सुटलेले नाही, भात पुन्हा सुरू झाला तोही एका वाटीपुरताच, तरीही वजन हळूहळू वाढत ७८ वर आले आहे. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित आली. घरात मात्र 'तोंडावर ताबा राहिला नाही' एवढाच निष्कर्ष काढला जातो. वजन उतरवताना जे साधले ते टिकवताना का साधत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय संध्याकाळी पाचच्या सुमारास आता जशी भूक लागते, तशी वजन जास्त असताना कधीच लागत नव्हती. त्यामागे काही कारण असेल तर कृपया सांगावे.

ठाणे_फिजिशियन

ताई, संध्याकाळच्या भुकेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यातच बरेचसे उत्तर आहे. ती भूक खरी आहे आणि ती तुमच्या स्वभावातून आलेली नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवतात. त्याचा शोध १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लावला. अंगात साठा किती आहे, याचा अंदाज मेंदू रक्तातील लेप्टिनवरून घेतो. वजन उतरले की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो, मग ते उतरवणे कितीही विचारपूर्वक केलेले असो. त्याच वेळी जठरातून स्रवणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते. मेलबर्नमधील संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार देऊन ही संप्रेरके मोजली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन उतरल्यानंतर वर्ष लोटले तरी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूकही आधीपेक्षा जास्तच होती.

दुसरी बाजू खर्चाची आहे. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागणे स्वाभाविकच आहे, पण वजन उतरलेले शरीर त्या हिशेबापेक्षाही काटकसरीने वागू लागते. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांना केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनंतर पुन्हा तपासले. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, तरी विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. ते उदाहरण टोकाचे आहे आणि तुमच्या बाबतीत हा फरक बराच लहान असेल. याच गटाच्या दुसऱ्या एका अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी घटतो, तर भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे खर्चापेक्षा भुकेचा रेटा कितीतरी मोठा असतो आणि तो एखाद्या दिवशी नव्हे, तर रोज सोसावा लागतो. ज्या आहाराने वजन उतरले त्याच आहारावर पुढे ते स्थिरावते, आणि त्यात थोडीशी जरी सूट मिळाली तरी वाढू लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो, ढोबळमानाने पाव हिस्सा. परत येताना मात्र मुख्यतः चरबी येते. चाळिशीनंतर स्नायू तसेही घटत असतात, त्यामुळे केवळ चालण्यावर थांबू नये. आठवड्यातून दोनदा तरी वजने उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा जोर लागणारा व्यायाम करावा आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी पुरेसे असावे.

तलावपाळीचा_रहिवासी

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहेच, मी घरातले सांगतो. मी बऱ्याच वर्षांपासून उतरलेले वजन टिकवून आहे आणि माझ्या अनुभवात वाटीभर भातापेक्षा तेल अधिक फसवे ठरले. आमच्याकडे एक लिटरची तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर बॉलपेनने त्या दिवसाची तारीख लिहितात. पुढची पिशवी कधी फोडली ते पाहिले, की फोडणीचा हात सैल झाला आहे का, हे कोणालाही दोष न देता कळते. एका लिटर तेलात आठ हजारांहून अधिक कॅलरी असतात. ती पिशवी तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांत संपली, तर ताटात भाजी-पोळी तीच दिसते, पण पोटात जाणारे तेच राहत नाही.

पाचच्या भुकेशी झगडत बसण्यापेक्षा चारलाच काहीतरी पोटात असू द्यावे. मी डब्यात उकडलेले हरभरे, कांदा आणि लिंबू नेतो. रिकाम्या पोटी लोकलमधून उतरून स्थानकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवरून तसेच पुढे जाणे कोणाकडूनही रोजच्या रोज अपेक्षिणे न्याय्य नाही. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी उभे राहावे. दीड-दोन किलो वाढले तेव्हाच लक्ष दिले तर सावरता येते, दहा किलोंनंतर ते फार जड जाते. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यातही नियमित वजन पाहणे आणि रोज तासाभराची हालचाल या सवयी बहुसंख्य लोकांत आढळल्या आहेत.

घणसोली_वाचक

सर्व काही संप्रेरकांवर ढकलले तर माणसाने प्रयत्न तरी कशासाठी करावा? निग्रह लागतोच, हे मान्य करायला हवे.

ठाणे_फिजिशियन

निग्रह लागतो, याबद्दल दुमत नाही. पण चौदा किलो उतरवणाऱ्या व्यक्तीकडे निग्रह नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर आपण रुग्णाला बोल लावत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र उपाय थांबला, की माणसालाच अपराधी ठरवतो. हे मला अन्यायाचे वाटते आणि त्यापायी रुग्ण तपासणीला येणेच सोडतात, हे मी नेहमी पाहतो.

नेरुळवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तेलाचा हिशेब आम्ही कधीच ठेवला नव्हता, तो या महिन्यापासून ठेवू. दोन शंका उरतात. हल्ली ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, त्यांनी वजन कायमचे उतरते का? आणि जे परत येणारच आहे ते उतरवण्यात काही अर्थ असतो का?

ठाणे_फिजिशियन

सेमाग्लुटाइडसारखी औषधे भुकेच्या याच यंत्रणेवर काम करतात, म्हणून ती परिणामकारक आहेत. परंतु औषध चालू आहे तोवरच तो परिणाम टिकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध थांबवल्यानंतर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते. त्यामुळे सुरू करण्यापूर्वीच किती काळ घ्यायचे, खर्च झेपेल का आणि दुष्परिणाम कोणते, हे आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. परस्पर घेऊ नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी ठामपणे 'हो' असेच देईन. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायाम करणाऱ्या गटाचे वजन पुढे बऱ्याच अंशी परत आले, तरीही दहा वर्षांनंतर त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होते. आपल्या लोकांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीयांत बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणून वजनाइतकेच लक्ष कंबरेच्या मापाकडे द्यावे. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानली जाते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, म्हणजे एचबीएवनसी, झाली नसेल तर ती करून घ्यावी.

एक विचारायचे राहिले. गेल्या तीन वर्षांत एखादे नवे औषध सुरू झाले आहे का? स्टेरॉइड, मधुमेहाची काही औषधे आणि नैराश्यावरील काही गोळ्या यांनीही वजन वाढते. असल्यास नाव कळवावे, पण माझ्या उत्तराची वाट पाहताना स्वतःहून ते बंद करू नये.