घाट उतरल्यावर क्लच पेडल खाली गेलं ते वर येईना, गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट गेली

पर्वरीकर_दोनसीटर
मंडळी, मदत हवी. गाडी जपानी, दोन सीटर, मागच्या चाकांना ड्राइव्ह, सहा गिअर मॅन्युअल. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, गोव्यात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, नाव घेतलं की कुणाची ते कळणार.

रविवारी बेळगावहून येताना चोर्ला घाटात ट्रकांची रांग होती, सारखं फर्स्ट-सेकंड. घाट संपेपर्यंत काही तक्रार नाही. केरीला क्लच दाबला तो खाली गेला आणि तिथेच राहिला. पायाने उचलला तर वर येतो, पण दाबताना जोरच लागत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू असताना एकही नाही. जळका वास नाही, आवाज नाही.

गाडी साखळीला मित्राच्या अंगणात आहे. गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला: प्लेट गेली, पूर्ण सेट मागवा. पटतंय का?

म्हापसेकर_जीप
पावसाळाभर उभी होती का? आमच्या जीपची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती, गिअर पडेनात.

फोंड्याचो_मेस्त
चिकटलेली प्लेट घाट उतरून येत नाही हो! ती गाडी काढतानाच कळते, आणि तेव्हा पेडल नेहमीसारखं कडक असतं.

बाब, झिजणारी प्लेट आधी सांगून जाते. चढावर आरपीएम वाढतो, गाडी वाढत नाही, मग वास. पेडलच एकदम मेलं तर आधी तेल बघायचं, नाहीतर पिन. फोनवर प्लेट गेली म्हणणाऱ्याला ‘पेडल कसं लागतंय?’ एवढं तरी विचारावंसं वाटायला हवं होतं.

बॉनेट उघडा आणि क्लचच्या तेलाची डबी बघा. काही गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते. तिथे क्लचची नळी वरच्या बाजूला, म्हणजे तेल उतरलं तर क्लच आधी जातो आणि ब्रेक शाबूत राहतो. लेव्हल पूर्ण असेल तर टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घाला. पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की तेल पुढे ढकलतो तो) दांड्यामधली पिन जागेवर आहे का? क्लिप पडून पिन सरकली की नेमकं असंच होतं, आणि दुरुस्ती चहाच्या पैशांत. पिन ठीक असेल तर पेडल भराभर पंप करा. जोर आला आणि पाय ठेवल्या ठेवल्या हळूहळू खाली गेलं, तर मास्टरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. त्यात बाहेर थेंबही दिसत नाही.

लेव्हल उतरली असेल तर तेल गेलं कुठे ते शोधा. मॅट काढून दांड्याच्या रबरी टोपीला बोट लावा. ओलं असेल तर मास्टर. सुकं असेल तर गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. क्लचचं तेल पातळ असतं, गिअर ऑइल दाट आणि गंधकासारखं घाण वासाचं. हात पुसा, बॉडीला लावू नका, रंग उठतो.

पर्वरीकर_दोनसीटर
बघून आलो. डबी वेगळी आहे, लेव्हल मिनच्या खाली, तेल काळं. दांडा सुका, पिन जागेवर. बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) तळाच्या भोकाला थेंब लटकलाय, पातळ, वास नाही. बाहेरचा पाइप कोरडा. पण स्लेव्ह सिलिंडर, त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवतो तो, कुठेच दिसत नाही!

फोंड्याचो_मेस्त
दिसणार नाही. तो आत आहे, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती, क्लचला दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगसकट. त्याचंच सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, प्लेट बदलायलाही तोच उतरवतात, म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्याचं निम्मं बरोबर निघालं, पण चुकीच्या कारणाने.

काळं तेल म्हणजे रबर झिजत होतं. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा. डॉट ४, म्हणजे ब्रेक-क्लचच्या तेलाचा एक प्रकार, नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर हा आकडा १५५ वर येऊ शकतो. नुसतं उकळलं असतं तर थंड झाल्यावर पेडल थोडंतरी परत आलं असतं.

आता फक्त स्लेव्ह मागवा. प्लेट उघडल्यावर बघू. तेलाने भिजली असेल किंवा झिजून रिव्हेट वर आले असतील तर बदला, नाहीतर राहू दे. बॉक्स खाली आहेच, तर क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का तेही बघून घ्या. बॉक्स परत बसेपर्यंत पेडलला कुणी पाय लावू नये. आतला स्लेव्ह मोकळा असताना पेडल दाबलं की नवा कोरा पार्ट बाहेर उडतो. आमच्याकडच्या एका पोराने केलंय ते. तेल झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ५ सिलिकॉनचं, ते घालायचं नाही.

पर्वरीकर_दोनसीटर
देव बरें करूं. पर्वरीला टोइंगवाल्याकडून ओढून नेऊ का? तो पुढची चाकं उचलतो.

फोंड्याचो_मेस्त
नको. मागची चाकं फिरत राहतील, इंजिन बंद असताना बॉक्सच्या आत तेल नीट पोचत नाही. सपाट ट्रेवाली बोलवा, आणि रॅम्पला दोन फळ्या घ्या. तुमच्या गाडीचा पुढचा बंपर तेवढ्यात अडकणार.